रातपाळीचा हिशेब आणि पायथनमधील वेळ



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. बोलणारा कामगार संघटनेचा माणूस, आठवीनंतर शाळेची पायरी न चढलेला, आणि विषय काय, तर संगणकाच्या पायथन भाषेत तारखा आणि वेळा कशा हाताळतात! साहित्यिकांच्या आणि इतिहासकारांच्या पंक्तीत हा गृहस्थ कोठून येऊन बसला, असे कोणी पुटपुटले असेल तर माझी तक्रार नाही. पण कामगाराचा बराचसा झगडा मुळात वेळेचाच आहे. किती वाजता यायचे, किती वाजता सुटायचे, जादा थांबल्याबद्दल काय मिळायचे, आठवड्याची सुटी कोणत्या वारी, निवृत्ती कोणत्या वर्षी, हे सारे प्रश्न घड्याळाचे आणि दिनदर्शिकेचे आहेत. पूर्वी त्यांची उत्तरे टाइमकीपरच्या वहीत असत. वहीत खाडाखोड झाली तर ती डोळ्यांना दिसे, आणि त्याच्या टेबलापाशी उभे राहून भांडताही येई. आज ती उत्तरे एखाद्या प्रोग्रामच्या चार ओळींत असतात, आणि ज्याच्या पगारातून पैसे कापले जातात त्याने त्या ओळी कधी पाहिलेल्या नसतात. मी त्या वाचायला शिकलो तो या कारणाने. आमच्या कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याजवळ संध्याकाळी बसून, आणि पुढे वाचनालयात, जेवढे हाती लागले तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

पायथन हे नाव ऐकून अजगर आठवतो. ही भाषा रचणारे डच गृहस्थ गिडो व्हान रॉसम यांनी ते घेतले मात्र माँटी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीवरून. १९९१ साली भाषा लोकांपुढे आली. ती कोणालाही मोफत मिळते, आणि वाचायला बरीचशी साध्या इंग्रजीसारखी असल्यामुळे बँका, इस्पितळे, कारखाने, सर्वत्र तिचा शिरकाव झाला आहे. तिचे शब्द रोमन लिपीतच टंकावे लागतात. येथे आपल्या सोयीसाठी मी ते आपल्या अक्षरांत सांगणार आहे.

काळाचे काम करणारी 'डेटटाइम' नावाची एक पेटी २००३ साली या भाषेत आली. सुताराच्या पेटीत जशी पटाशी वेगळी, रंधा वेगळा, तशी या पेटीत चार मुख्य हत्यारे आहेत. 'डेट' म्हणजे नुसती तारीख. 'टाइम' म्हणजे घड्याळातील नुसती वेळ, तारखेवाचून. 'डेटटाइम' म्हणजे दोन्ही एकत्र. पेटीचे आणि या हत्याराचे नाव एकच आहे, त्याने नवशिक्याचा गोंधळ होतो, पण त्याला इलाज नाही. आणि 'टाइमडेल्टा' म्हणजे दोन क्षणांमधले अंतर, आपण ज्याला कालावधी म्हणतो तो. हा भेद साधा दिसतो. पण 'दहा वाजले' आणि 'दहा तास झाले' यांत फरक आहे, हे कामगाराइतके कोणाला कळते?

रातपाळीचेच उदाहरण घ्या. कामगार रात्री १० वाजता आत आला, सकाळी ६ वाजता बाहेर पडला. किती तास झाले? लहान पोरही आठ म्हणेल. आता पायथनला नुसत्या दोन 'टाइम' द्या आणि सांगा, सहातून दहा वजा कर. तो साफ नकार देतो. मला हा नकार फार आवडतो. कारण तारीख सांगितल्याशिवाय सहा हे दहाच्या आधीचे की नंतरचे, हे ठरतच नाही, आणि जे ठरत नाही ते सांगायला तो तयार नाही. घाईचा प्रोग्रामर मग काय करतो? दोन्ही वेळांना एकच तारीख चिकटवतो. आता वजाबाकी होते, पण उत्तर येते ते असे : उणे एक दिवस, अधिक आठ तास. हे उत्तर चमत्कारिक दिसते, पण खोटे नाही. उणे सोळा तास ही रक्कम पायथन अशीच लिहितो. दिवस उणे ठेवायचे आणि तास, मिनिटे, सेकंद नेहमी अधिक ठेवायचे, असा त्याचा शिरस्ता आहे. प्रोग्रामर त्यातला 'सेकंड्स' नावाचा भाग उचलतो, तो असतो २८,८००, म्हणजे बरोबर आठ तास. गडी खूश होतो आणि घरी जातो.

हे चुकीच्या वाटेने आलेले बरोबर उत्तर आहे, आणि पगाराच्या हिशेबात असले उत्तर उघड चुकीपेक्षा वाईट. कारण ते महिनोन्महिने चालते. मग एका शनिवारी फाटकावरचा पहारेकरी रात्री ८ वाजता कामावर येतो. त्याची बदली रविवारी सकाळी यायची, ती येत नाही. बिचारा रविवारी रात्री ८ वाजेपर्यंत उभा राहतो. या वेळी तारखाही नीट नोंदलेल्या आहेत. कालावधी निघतो एक दिवस, शून्य तास. प्रोग्राम सवयीने 'सेकंड्स' उचलतो : शून्य. चोवीस तास पहारा केला आणि हजेरीपटात शून्य तास! पंचवीस तास थांबला असता तर एक तास मिळाला असता. दिवसांचा कप्पा वेगळा आहे, तो कोणी उघडलाच नाही. पायथनमध्ये यासाठी 'टोटल सेकंड्स' नावाची निराळी आज्ञा आहे, ती दिवसांसकट सगळी बेरीज देते, ८६,४००. एका शब्दाचा फरक आहे. ज्या कारखान्यात हजेरीचा प्रोग्राम पायथनमध्ये आहे तेथे हा एक शब्द शोधून पाहावा, एवढे मी आमच्या प्रत्येक शाखेला सांगत असतो.

तास किती झाले हा एक प्रश्न. ते तास कोणत्या दिवसाचे, हा दुसरा प्रश्न, आणि हे दोन प्रश्न निराळे आहेत हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. संगणकाचा दिवस मध्यरात्री बदलतो. रातपाळीच्या माणसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो तेव्हा मशिनीपुढे उभा असतो. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५७ व्या कलमात स्पष्ट लिहिले होते की पाळी मध्यरात्रीच्या पलीकडे जात असेल तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी सुटल्यापासून २४ तासांचा मानावा. २०२० साली झालेल्या संहितेतही हे तत्त्व तसेच घेतलेले आहे.

आता हिशेब करून पाहू. एक कामगार रात्री १० ला आला, ६ ला सुटायचा तो जादा कामासाठी १० पर्यंत थांबला. एकूण १२ तास. १९४८ च्या कायद्याप्रमाणे दिवसाला ९ तासांवरचे काम दुप्पट दराने, म्हणजे जादा तास ३. पण प्रोग्रामने मध्यरात्री सुरी फिरवली तर पहिल्या तारखेत २ तास आणि दुसऱ्या तारखेत १० तास पडतात. जादा तास निघतो एकच. आठवड्याची बेरीज सध्या बाजूला ठेवू. पण या एका रात्रीत दोन तासांची दुप्पट मजुरी गेली, आणि कोणी लबाडी केली असेही नाही. दुरुस्ती अवघड नाही. कालावधी काढताना पूर्ण 'डेटटाइम' वापरायचा, आणि ती सगळी पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेच्या नावावर टाकायची. पायथनमध्ये आरंभीच्या 'डेटटाइम'मधून 'डेट' मागून घेणे ही एका ओळीची गोष्ट आहे. पण ती ओळ लिहिण्यासाठी ५७ वे कलम ठाऊक असावे लागते, आणि ते संगणकाच्या पुस्तकात नसते.

सुटीच्या वाराचेही तसेच. १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. तो रविवार पायथनमध्ये एका आज्ञेने विचारला तर ६ व्या क्रमांकावर येतो, कारण तेथे सोमवार शून्य. दुसऱ्या आज्ञेने विचारला तर ७ व्या. आणि तिसऱ्या रीतीने छापून मागितला तर शून्यावर. कोणती आज्ञा वापरली हे पाहिल्याशिवाय सुटी कोणत्या वारी पडली ते सांगू नये.

येथवर घड्याळ एकच होते. आता घड्याळे अनेक होतात आणि खरी गंमत सुरू होते.

पायथनमधील 'डेटटाइम' दोन जातींचे असतात. एकाला ते 'नाईव्ह' म्हणतात, आपण भोळा म्हणू. दुसऱ्याला 'अवेअर', म्हणजे जाणता. भोळ्याला एवढेच ठाऊक असते की १ तारीख, पाच वाजले. कोठले पाच, मुंबईचे की लंडनचे, हे त्याला ठाऊक नसते आणि त्याची त्याला खंतही नसते. जाणत्याच्या गळ्यात गावाचा बिल्ला असतो : हे पाच भारतातले, जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढचे. ही जागतिक वेळ, जिला 'यूटीसी' म्हणतात, ती आपल्या कामापुरती ग्रिनिचची वेळ समजायला हरकत नाही. भोळा आणि जाणता यांची वजाबाकी करू पाहाल तर पायथन पुन्हा नकार देतो. तोही नकार शहाणपणाचा आहे.

या भोळेपणाची किंमत कोण मोजतो? आमच्याकडे एका ठेकेदाराच्या सफाई कामगारांचे प्रकरण आले होते. बाया पहाटे ५ वाजता कामावर येत, सोमवार ते शनिवार, सहा दिवस. हजेरीपटात मात्र दर शनिवारी खाडा. ठेकेदाराचा कारकून म्हणे, मशीन काय खोटे बोलते? चमत्कार असा की सहा वाजता येणाऱ्यांचा एकही खाडा नव्हता. तेच मला खटकले. पाच आणि सहा यांच्या मध्ये काय आहे? साडेपाच आहे! हजेरी घेणारा संगणक जागतिक वेळेवर चालत होता. भारतात सोमवार पहाटेचे ५ वाजतात तेव्हा जागतिक वेळेने रविवारी रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. त्यामुळे सोमवारची हजेरी रविवारी पडे, मंगळवारची सोमवारी, आणि शनिवारची शुक्रवारी. शनिवार रिकामा, आणि रविवारी मात्र हजर. रविवार सुटीचा, म्हणून ती हजेरी 'परवानगीवाचून' ठरून रद्द होई. साडेपाचनंतर येणाऱ्यांची तारीख दोन्ही घड्याळांत एकच असल्यामुळे त्यांना धक्का लागला नाही. कागद पुढे ठेवल्यावर थकबाकी मिळाली, पण महिन्यातील चार-पाच दिवसांचा रोज बुडत असताना त्या बायांनी घर कसे चालवले ते त्याच जाणोत.

प्रोग्राममध्ये पाहिले तर 'नाऊ' म्हणजे 'आत्ता किती वाजले' एवढेच विचारलेले होते. कोठे, हे विचारलेले नव्हते. कंसात गावाचे नाव दिले की जाणती वेळ मिळते. 'यूटीसी नाऊ' नावाची आणखी एक आज्ञा आहे, ती जागतिक वेळ देते खरी, पण बिल्ल्यावाचून, भोळीच. तिने इतके घोटाळे केले की पायथनच्या कर्त्यांनी २०२३ साली आलेल्या ३.१२ या आवृत्तीत ती वापरू नये असे जाहीर करून टाकले. जुन्या प्रोग्रामांत ती अजून सापडते.

गावाचा बिल्ला येतो कोठून? जगातील घड्याळांची एक मोठी यादी आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थांनी १९८० नंतरच्या दशकात ती सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी ती सांभाळली. कोणत्या देशाने कधी घड्याळ पुढे केले, कधी मागे घेतले, याची ती बखरच म्हणा. पायथनमध्ये २०२० सालच्या ३.९ या आवृत्तीपासून 'झोनइन्फो' नावाने ही यादी वाचता येते. तिच्यात भारताची वेळ 'एशिया, कोलकाता' या नावाने आहे. एका वेळेने चालणाऱ्या प्रदेशातील मोठ्या वस्तीचे एक शहर नावासाठी घ्यायचे, असा यादीचा रिवाज. मुंबईच्या नावाची नोंद तिच्यात नाही. मुंबईकराने यावर रुसायचे कारण नाही, पण मुंबईच्या घड्याळाचा इतिहास त्यामुळे यादीबाहेर राहिला, आणि तो इतिहास आपल्या विषयाशी फार जवळचा आहे.

१९०६ पूर्वी मुंबई आपल्या सूर्याच्या वेळेने चाले, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या हिंदुस्थानासाठी साडेपाच तासांची प्रमाणवेळ सुरू केली. म्हणजे मुंबईचे घड्याळ एका रात्रीत ३९ मिनिटे पुढे गेले. कचेरीतल्या साहेबाला याचे काय वाटायचे! पण ज्या गिरणीचा भोंगा सकाळी ६ ला होई ती नव्या घड्याळाने ६ लाच भोंगा देऊ लागली, तर कामगाराला पूर्वीच्या ५ वाजून २१ मिनिटांनी फाटकात उभे राहावे लागणार. थंडीचे दिवस, अंधार, घरात दिवाबत्तीची वानवा. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले, गिरणीवर दगडफेकही झाली. अडाणी लोकांना प्रगती कळत नाही, असे यावर कोणी म्हणेल. मला वाटते त्यांना ती नेमकी कळली होती. आकडा सहाच ठेवून क्षण बदलला, हे त्यांनी ओळखले. मुंबईच्या महापालिकेने तर शहराची जुनी वेळ १९५० पर्यंत सोडली नाही. गावात दोन घड्याळे, आणि भेट ठरवताना 'कोणत्या वेळेने?' असे विचारणे हा शिष्टाचार. पायथनचा जाणता 'डेटटाइम' याहून वेगळे काय विचारतो?

ही जुनी वेळ मेली असे समजू नका. ती अजून कामगाराला छळू शकते. 'झोनइन्फो' येण्यापूर्वी गावाच्या बिल्ल्यासाठी 'पायटीझेड' नावाचे साधन सर्रास वापरत, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही वापरतात. त्याची एक खोड आहे. त्यातला कोलकात्याचा बिल्ला काढून सरळ 'डेटटाइम'च्या गळ्यात अडकवला, तर तो यादीतली सर्वांत जुनी नोंद उचलतो. ती नोंद आहे प्रमाणवेळेच्या आधीच्या कलकत्त्याच्या सूर्यवेळेची : ५ तास ५३ मिनिटे. साडेपाचपेक्षा २३ मिनिटे जास्त! एखाद्या प्रोग्रामरने पाळीची सुरुवात सकाळी ७ अशी लिहून तिला हा बिल्ला बांधला, तर पाळी प्रत्यक्षात आपल्या घड्याळातील ६ वाजून ३७ मिनिटांनी सुरू झाली असे संगणक मानतो. कामगार पाच मिनिटे आधी, ६ वाजून ५५ मिनिटांनी येतो आणि त्याच्या नावापुढे १८ मिनिटे उशीर लागतो. एकविसाव्या शतकातला कामगार एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याच्या सूर्याला उशीर करतो! त्या साधनात 'लोकलाइझ' नावाची वेगळी आज्ञा आहे, तिने बिल्ला बांधला म्हणजे बरोबर साडेपाच मिळतात. नव्या 'झोनइन्फो'त ही खोड नाही. हजेरीपटात २३ मिनिटांचा फरक कोठेही दिसला, की मी प्रथम इकडे बोट दाखवतो.

याच यादीत दुसऱ्या महायुद्धाचाही तास आहे. १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे होते. 'झोनइन्फो'ला १९४३ सालचा फरक विचारा, तो साडेपाच न सांगता साडेसहा सांगतो. ज्यांच्या वडिलांच्या जन्मवेळा त्या काळच्या आहेत त्यांनी पत्रिका मांडताना याचा विचार करावा. माझा त्या शास्त्रावर विश्वास नाही, पण हिशेब तरी नीट असावा.

आपल्या देशात आता वर्षभर घड्याळ हलत नाही, म्हणून आपल्या तरुण प्रोग्रामरना पुढची अडचण स्वप्नातही येत नाही. आणि पुण्यात बसून विलायतेतल्या इस्पितळांचे, दुकानांचे प्रोग्राम लिहिणारे तर पुष्कळ. इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. २०२५ साली ते २६ ऑक्टोबरला मागे घेतले. समजा आपल्या देशातून गेलेली एक परिचारिका लंडनच्या इस्पितळात २५ तारखेच्या रात्री १० वाजता कामावर चढली आणि २६ च्या सकाळी ६ ला उतरली. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आठ तास. पण पहाटे एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा आला. तिने नऊ तास रुग्णांची उठाठेव केली.

पायथनला विचारू. दोन्ही वेळा जाणत्या, दोघींच्या गळ्यात 'युरप, लंडन' हा बिल्ला. वजाबाकी केली, उत्तर आले आठ तास! जाणता असूनही चुकला? हा सापळा बारीक आहे. दोन्ही वेळांचा बिल्ला एकच असला, तर पायथन बिल्ला पाहतच नाही. एकाच गावचे आहेत ना, मग भिंतीवरचे आकडे वजा करू, असा त्याचा नियम आहे. कर्त्यांनी तो जाणून ठेवलेला आहे, कारण 'उद्या याच वेळी' असल्या प्रश्नाला तेच उत्तर हवे असते. मजुरीच्या प्रश्नाला ते चालत नाही. तेथे दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत फिरवाव्यात : २५ तारखेचे २१ वाजले, २६ तारखेचे ६ वाजले, वजाबाकी नऊ तास. मार्चमध्ये उलटे होऊन सातच तास भरतात, आणि तेव्हा मालकाचे नुकसान होते. मालकाचे नुकसान तक्रारीवाचून दुरुस्त होते, असा माझा अनुभव आहे.

दोनदा आलेल्या त्या तासातले दीड कोणते, पहिले की दुसरे, हे सांगण्यासाठी २०१६ सालच्या ३.६ या आवृत्तीपासून 'डेटटाइम'ला 'फोल्ड' नावाची एक खूण जोडली आहे. शून्य म्हणजे पहिला, एक म्हणजे दुसरा. फोल्ड म्हणजे घडी. आपल्या भाषेत घडी कापडाचीही असते आणि काळाचीही, त्यामुळे हा शब्द मला एकदम पटला.

आता राहिले तारखा वाचण्याचे. ०३/०४/२०२५ ही आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकनाला ४ मार्च. म्हणून पायथनला वाचनाचा नमुना सांगावा लागतो, आणि त्या नमुन्यात लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट. सर्वांत निर्धोक म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असे लिहिणे.

वर्षाचे मात्र जपावे. जुन्या सेवापुस्तकांत जन्मसाल दोनच आकड्यांत लिहिलेले असते. नमुन्यात लहान वाय दिला तर पायथन ६९ ते ९९ हे आकडे गेल्या शतकात टाकतो आणि ०० ते ६८ हे या शतकात. १९६९ चा माणूस बचावला. १९६७ चा माणूस २०६७ साली जन्मणार! १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत वयाची अट ५८ वर्षांची, आणि १९६७ चा कामगार २०२५ साली ५८ चा झाला. म्हणजे ज्याचा अर्ज नेमका आत्ता टेबलावर आला आहे त्याचेच वय संगणक उणे बेचाळीस वर्षे सांगणार. असा अर्ज 'माहिती विसंगत' म्हणून परत येतो, आणि माणूस दाखल्यासाठी जुन्या शाळेच्या पायऱ्या झिजवू लागतो.

जन्मतारीख पूर्ण लिहिली तरी ५८ वर्षे मिळवायची कशी? 'टाइमडेल्टा'ला आठवडे, दिवस, तास कळतात. महिने आणि वर्षे कळत नाहीत, कारण त्यांची लांबी ठरलेली नाही. कोणी ५८ गुणिले ३६५ दिवस मिळवतो. २९ फेब्रुवारी १९६८ ला जन्मलेल्या माणसाला तसे केले तर १४ फेब्रुवारी २०२६ येते, पंधरवडाभर आधीच घरी पाठवणे. दुसरा 'रिप्लेस' या आज्ञेने वर्षाचा आकडा तेवढा बदलतो. पायथन लगेच थांबतो आणि सांगतो की २०२६ च्या फेब्रुवारीत २९ तारीख नाही. पुढे काय धरायचे, २८ फेब्रुवारी की १ मार्च, हे त्याला ठाऊक नाही, आणि प्रोग्रामरने आपल्या मनाने ठरवू नये. त्या आस्थापनेचे सेवानियम मागवावेत, त्यात निवृत्तीचा दिवस महिन्याच्या अखेरीस धरला आहे की जन्मतारखेस ते पाहावे, आणि मग ती ओळ लिहावी.